रक्ताला रक्त म्हणा की!

'ब्लड मील' या नावात मला सगळ्यात जास्त राग येतो तो 'मील' या शब्दाचा. ब्लड म्हणजे रक्त हे शाळकरी पोरालाही कळतं. पण पुढे 'मील' लागलं की ते एकदम कंपनीच्या कँटीनच्या कुपनासारखं सोज्वळ वाटायला लागतं. खरं तर इथे मीलचा अर्थ अगदी साधा आहे. मील म्हणजे भरड, जाडसर पीठ. कत्तलखान्यात गोळा केलेलं रक्त वाफेवर शिजवायचं, त्याच्या गुठळ्या झाल्या की पाणी काढून टाकायचं, उरलेलं वाळवून दळायचं. जी काळपट तपकिरी पूड मिळते ती रक्ताची भरड. आता पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात 'रक्ताची भरड' असं छापा बघू. आमच्या बदलापुरातल्या निम्म्या बाल्कन्यांमध्ये ते पाकीट शिरणार नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून मग पाकिटावर एक हिरवं पान, एक हसरी बाई, 'शंभर टक्के ऑरगॅनिक', आणि नाव इंग्रजीत.

मंडळी, आधीच सांगून टाकतो, हे लिखाण त्या पुडीच्या विरोधात नाही. पूड चांगली आहे. माझं भांडण दोन प्रकारच्या लोकांशी आहे. पहिले, ही पूड गुपचूप विकणारे आणि गुपचूप वापरणारे. दुसरे, ज्यांना रक्त कुंडीत चालत नाही पण गटारात बिनबोभाट चालतं. दुसऱ्या गटात आपण जवळजवळ सगळेच येतो.

आधी पहिल्यांचं बघू. माझी एक मावशी अंबरनाथला राहते, शिवमंदिराच्या बाजूला. (मावशी हे वाचणार आहे. तिला विचारूनच लिहितोय.) तिच्या नातवाने लॉकडाऊनपासून गच्चीवर बाग केली आहे, आणि पोराचा हात खरंच चांगला आहे. त्याने ऑनलाइन हे पाकीट मागवलं आणि सगळ्या कुंड्यांना चमचा चमचा घातलं. सगळ्या म्हणजे तुळशीलाही. पानं हिरवीगार झाली, मावशी खूश. मग एका रविवारी न्यू जर्सीचा मावसभाऊ व्हिडिओ कॉलवर होता. त्याने मागे कट्ट्यावरचं पाकीट बघितलं आणि म्हणाला, "अरे वा, तुम्ही पण वापरता का हे? आम्ही हरणं येऊ नयेत म्हणून टाकतो, रक्ताच्या वासाने लांब राहतात!"

"कसलं रक्त?" मावशी म्हणाली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. दुसऱ्या दिवशी तुळस नव्या मातीत गेली. घरातले सगळे हसले. नातू म्हणाला, "आजी, झाडाला काय कळतंय?" मावशी शांतपणे म्हणाली, "झाडाला नाही रे, मला कळतंय. मला कुणी विचारलं का?"

या प्रश्नावर माझ्या मते हसण्यासारखं काही नाही. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो. अंडं असेल तर तपकिरी खूण लागते. २००० च्या सुमारास हा नियम आपल्याकडे आला आणि आता खूण नसेल तर आपण पाकीट उलटसुलट करून शोधतो. खताच्या पाकिटावर असली खूण नसते. बरोबर आहे, खत कुणी खात नाही. पण तुळशीवृंदावन, देवासमोर वाहायची फुलं, जैन शेजाऱ्यांच्या घरी जाणारी मेथीची जुडी, या गोष्टींत खताचा उगम ज्याला महत्त्वाचा वाटतो त्याला तो सांगितला गेला पाहिजे. पटो न पटो. तो निर्णय माझ्या मावशीचा. कंपनीच्या जाहिरात खात्याचा नव्हे आणि नातवाचाही नव्हे.

आणि 'ऑरगॅनिक आहे ना, मग झालं' हे उत्तर तर अजिबात नको. आपल्याकडे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून आहे. त्याच्या यादीतसुद्धा रक्त, मांस, हाडं, पिसं यांच्या भरडी सरसकट मोकळ्या सोडलेल्या नाहीत, त्यांचा वापर 'मर्यादित' या सदरात येतो. सेंद्रिय या शब्दाचा अर्थ शाकाहारी असा कुठेच नाही, आणि निरुपद्रवी असाही नाही.

आता मावशीची बाजू घेतली, तर मावशीला दोन शब्द. मावशी गेली वीसेक वर्षं गुलाबाला बोनमील घालते. नर्सरीवाला देतो, पांढरट पूड, रांगोळीसारखी दिसते. बोन म्हणजे हाड. तेही त्याच कत्तलखान्यातून येतं. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते वेगळं." का वेगळं? तर पांढरं आहे म्हणून! रंग सोडला तर मला दुसरं कारण सापडलेलं नाही. महाराष्ट्रात लाखो 'शुद्ध शाकाहारी' गुलाब हाडांवर वाढलेत आणि त्यांचे गुच्छ सत्यनारायणाला गेलेत. रक्ताने मात्र विटाळ! आपली चीड फार निवडक असते. ती लाल रंग दिसला की जागी होते.

शेणखत पवित्र, तेही बघू. आपल्या पट्ट्यातल्या कुंड्यांना जे शेणखत मिळतं ते बहुतेक तबेल्यांतलं, म्हणजे म्हशीचं. म्हैस आटली की ती कुठे जाते आणि रेडकू नर निघालं तर त्याचं काय होतं, हे तबेलेवाल्याला एकदा विचारून बघा. चहात दूध घालणारा माणूस कत्तलखान्यापासून जितका लांब आहे असं समजतो तितका तो नाही. मी दूध सोडा म्हणत नाहीये, मीही पितो. फक्त शेण एका ताटात आणि रक्त दुसऱ्या ताटात असं वाढून घेता येत नाही, एवढंच म्हणतोय.

असो. आता ही पूड काय करते ते थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही.

रक्त म्हणजे पाणी आणि प्रथिनं. पाणी ऐंशी टक्के. ते काढून टाकलं की उरलेल्या पुडीत नत्र साधारण १२ टक्के. शेणखतात अर्धा टक्का धरतात, निंबोळी पेंडीत ५ च्या आसपास, भुईमुगाच्या पेंडीत ७. युरियात ४६. म्हणजे सेंद्रिय खतांत नत्राच्या बाबतीत ही पूड जवळजवळ सगळ्यात वरची. एक किलो भरड म्हणजे नत्राच्या हिशेबाने चोवीस किलो शेणखत. (बाकी शेणखत मातीला जे देतं, भुसभुशीतपणा, ओल धरणं, ते ही पूड अजिबात देत नाही. तेव्हा शेणखत बंद करू नका.) मातीतले जिवाणू प्रथिनं फोडून आधी अमोनिया करतात, मग नायट्रेट, आणि ते मूळ शोषून घेतं. मूळ जे पितं ते शेवटी नायट्रेटच. ते रक्तातून आलं, पेंडीतून आलं की युरियाच्या गोणीतून, याचा दाखला त्याच्यावर नसतो. इथे नातवाचं खरं आहे, झाडाला कळत नाही.

नत्र नाहीसं होत नाही, कुणाला ना कुणाला ते पोसणारच. इथून माझा दुसरा मुद्दा सुरू होतो. आता गटारीकडे येऊ.

गटारी म्हणजे आषाढी अमावास्या. कुणी तिला दीप अमावास्या म्हणतं, दिवे घासूनपुसून पुजायचा दिवस. पण बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरात त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी सात वाजता बाहेर पडून बघा. चिकनच्या दुकानांपुढे रांगा रस्त्यापर्यंत. उद्यापासून श्रावण, महिनाभर कडक, म्हणून आज दोन किलो जास्त. मी स्वतः त्या रांगेत असतो. रांगेत उभं राहून दुसरं काही काम नसतं, म्हणून मी हिशेब केला. दोन किलोच्या कोंबडीतून अर्धी वाटी रक्त निघतं. एका बऱ्या चालणाऱ्या दुकानात त्या सकाळी २०० कोंबड्या धरू. पंधरा लिटर रक्त. ते जातं कुठे? पाइप लावून फरशी धुतली की दुकानासमोरच्या गटारात. गटारातून नाल्यात. नाल्यातून उल्हासनगर-अंबरनाथकडे असाल तर वालधुनीत, बदलापुरात असाल तर थेट उल्हास नदीत.

पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात याचं एक माप आहे, बीओडी म्हणतात. आपल्या मोरी-संडासाच्या पाण्याचा बीओडी लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम. रक्ताचा दीड ते दोन लाख! छपाईची चूक नाही, लाख. म्हणजे एक लिटर रक्त नदीत सोडणं हे कमीत कमी पाचशे लिटर मैलापाणी सोडण्यासारखं. त्या एका दुकानाचं पंधरा लिटर म्हणजे साडेसात हजार लिटर मैलापाणी, एका सकाळचं. दुकानं किती आहेत ते तुमच्या तुमच्या नाक्यावर मोजा.

आणि त्याच पंधरा लिटरची भरड केली असती तर तीन किलोच्या आसपास निघाली असती. कुंडीला चमचाभर या हिशेबाने साडेसातशे कुंड्यांची एक पाळी. मावशीच्या नातवाने जे पाकीट बाहेरून मागवलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात, कुरियरने, तेच त्याच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे दर रविवारी गटारात वाहतंय. याला मी मूर्खपणा म्हणतो. सौम्य शब्द शोधला, मिळाला नाही.

उल्हास नदीवर दरवर्षी जलपर्णी माजते. रायता, कांबा, मोहने, त्या बाजूला गेलात तर नदी आहे की हिरवं मैदान असा प्रश्न पडावा. जांभळी फुलं येतात, लोक फोटो काढतात. ती कशावर वाढते? नत्र आणि स्फुरद. आपण सगळ्यांनी मिळून नदीत सोडलेलं. त्यात मोठा वाटा मैलापाण्याचा आहे, मला मान्य आहे, कोंबडीच्या रक्ताचा त्यातला भाग छोटाच असणार. पण कुंडीतल्या मोगऱ्याला जे द्यायला आपल्याला किळस वाटते तेच आपण जलपर्णीला मोफत घालतोय, आणि त्याच नदीचं पाणी शुद्ध करून पितोय.

कुणी म्हणेल, वालधुनीची अवस्था बघता तुम्ही कोंबडीच्या रक्तावर काय बसलात? ज्या नदीत एकेकाळी जीन्स धुण्याच्या कारखान्यांचा निळा रंग वाहायचा, जिच्यात २०१४ साली टँकरने ओतलेल्या रसायनाने उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला, ती काय रक्ताने मरणार? प्रश्न योग्य आहे. वनशक्ती या संस्थेने उल्हास आणि वालधुनीचं प्रकरण हरित लवादापर्यंत नेलं, २०१५ साली दंडाचे आदेशही झाले. रसायनांची लढाई त्या पातळीवरच लढावी लागते, तिथे तुम्ही-आम्ही फार तर सही करू शकतो. पण कोंबडीचं दुकान आपल्या नाक्यावर आहे, गिऱ्हाईक आपण आहोत, रक्त आपण विकत घेतलेल्या कोंबडीचं आहे. इथे बोट दाखवायला कारखानदार सापडत नाही. म्हणूनच बहुतेक या विषयावर कुणी बोलत नाही.

मग करायचं काय? घरोघरी रक्त शिजवायचं? मुळीच नाही. कच्चं रक्त कुंडीत ओतायचा उद्योग तर चुकूनही करू नका. वास, माशा, उंदीर आणि सोसायटीची नोटीस, या क्रमाने सगळं येईल. शिवाय रोगाची भीती खरी आहे. न शिजवलेल्या हाडांच्या भुकटीतून फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, माणसांना झाल्याची उदाहरणं जगात आहेत. १९८६ साली ब्रिटनमध्ये गाईंचा वेडा रोग सापडला. तो पसरला होता गुरांनाच गुरांच्या मांस-हाडांची भरड खायला घातल्यामुळे. भारतात तो रोग आढळलेला नाही, आणि खत म्हणून मातीत टाकणं हे गुरांना खायला घालण्याइतकं धोक्याचं नाही. तरी नीट तापवून निर्जंतुक केलेलीच भरड घ्यावी, घालताना नाकाला रुमाल बांधावा, आणि गाईगुरं चरतात तिथे ती पसरू नये, एवढी शिस्त हवी.

करायचं ते गावाच्या पातळीवर, आणि त्याची कृती फार जुनी आहे. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरला होता. तिथे त्याने कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. १९३१ साली त्यावरचं पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्डच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. आपला माणूस, आणि आपल्यालाच माहीत नाही! त्या पद्धतीचं सार असं की पाचोळ्यासारखा कोरडा माल आणि जनावरांकडून येणारा नत्राचा माल एकत्र थर लावून, हवा खेळती ठेवून कुजवायचा. त्यांनी शेण आणि गोठ्यातली मुताची माती वापरली. कोरड्यात कार्बन जास्त, ओल्यात नत्र जास्त. कार्बन तीस भाग आणि नत्र एक भाग जमलं की ढीग असा तापतो की आत हात घालवत नाही, आणि तापमान पंचावन्न अंशांच्या वर काही दिवस टिकलं, ढीग अधूनमधून उलटला, की बहुतेक रोगजंतू मरतात.

रक्तात हे प्रमाण तीन-चारास एक, म्हणजे नत्र बेसुमार. त्याला जोडीदार हवा भरपूर कार्बनवाला. लाकडाचा भुसा! त्यात ते काही शेकड्यांस एक. आता उल्हासनगर आठवा. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली नाव मिळालेलं हे गाव, आणि आज तिथला फर्निचर बाजार लांबलांबचे लोक शोधत येतात. भुश्याच्या गोण्या. (प्लायवूडचा भुसा नको, त्यात गोंद आणि रसायनं असतात. साध्या लाकडाचा.) बदलापूरच्या पलीकडे वांगणी-कर्जतकडे भाताच्या गिरण्या, तिथे तूस. म्हणजे एका स्टेशनात रक्त, पुढच्या स्टेशनात भुसा, त्याच्या पुढच्या स्टेशनात भाताचा तूस आणि वांगणीच्या नर्सऱ्या. सगळं एका लोकलच्या मार्गावर. नगरपालिकेने दुकानांना झाकणाचं पिंप द्यावं, पिंपात आधीच भुसा असावा, रोजची गाडी फिरावी, आणि खत करण्याचं काम जाणत्या माणसाकडे, वस्तीपासून लांब, पक्क्या ओट्यावर. यात रॉकेट उडवण्यासारखं काही नाही.

खरं तर २००१ च्या कत्तलखान्यांच्या नियमांनुसार जनावर कापायचं ते परवानाधारक कत्तलखान्यातच. नाक्यावरची फरशी त्या नियमात कुठे बसते हे ज्याचं त्याने ठरवावं. पण नियम आहे म्हणून रक्त अदृश्य होत नाही. मी आमच्या चिकनवाल्याला विचारलं, "दादा, पिंप दिलं तर त्यात ओताल का?" तो म्हणाला, "ओततो की. पण घेऊन जाणारा रोज आला पाहिजे. एक दिवस नाही आला तर तुम्हीच वासाची तक्रार कराल." अगदी खरं बोलला.

नैतिक आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. काही मंडळी म्हणतात, रक्ताला पैसे मिळाले की कत्तलीचा धंदा आणखी फायद्यात येतो, आम्हाला त्यात एक रुपयाही घालायचा नाही. हा विचार प्रामाणिक आहे आणि त्यांच्यासाठी रस्ता मोकळा आहे. भुईमुगाची पेंड घ्या, निंबोळी पेंड घ्या, जरा जास्त घालावी लागेल, झाडं उत्तम येतील. फक्त मग बोनमीलही सोडा. आणि गटारीच्या रांगेत दिसू नका :)

वापरणाऱ्यांसाठी: दहा-बारा इंची कुंडीला सपाट चहाचा चमचाभर, तेही दीड-दोन महिन्यांतून एकदा, मातीत मिसळून वर पाणी. जास्त घातलं तर मुळं करपतात, आणि मोगरा-टोमॅटोला नुसती पानं सुटतात, फुलं रुसतात. वर तशीच पसरून ठेवली तर मांजरं कुंडी उकरतात. आपल्याकडच्या धो धो पावसात घालू नका, सगळं नायट्रेट धुऊन परत नदीकडेच जाईल. दसऱ्यापर्यंत थांबा. आणि घरात तुळशीला रोज पाणी घालणारं माणूस असेल, तर पाकीट फोडायच्या आधी त्यात काय आहे ते त्याला मराठीत सांगा.

मावशीची तुळस नव्या मातीत बरी आहे. तिला निंबोळी पेंड चालू आहे. गुलाबाच्या बोनमीलचं मात्र अजून काही ठरलेलं नाही. तो विषय निघाला की मावशी चहा टाकायला उठते.